खाज तिची, हात माझा

यंत्र बायकोच्या मनगटाला बांधलेलं होतं आणि खाजवत मी होतो. चांगला आठवडाभर हे चाललं. त्या आठवड्याचा ग्राफ मोबाईलमध्ये घेऊन मी डॉक्टरीणबाईंसमोर अशा थाटात बसलो होतो, की बायकोचा इसब औषधानं नाही, माझ्या देखरेखीनं बरा होत आलाय.

यंत्रांच्या बाबतीत कामरगावात माझं नाव आधीपासूनच आहे. विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाईलवरून सुरू करणारा आमच्या शिवारातला पहिला मनुष्य मीच. ओट्यावर बसून बटन दाबायचं, मोबाईलवर ‘मोटर सुरू’ असं यायचं, आणि मी ते पाहुण्यांना दाखवायचो. एका उन्हाळ्यात विहिरीत पाणी उरलेलं नाही, ही गोष्ट मोबाईलला कळली नाही आणि मला बघायला जावंसं वाटलं नाही. मोटर जळत होती तेव्हा मी सोयऱ्याला सांगत होतो, की आता शेतावर जायची गरजच काय. तरी माझा यंत्रांवरचा विश्वास काही कमी झाला नाही. विहिरीवरचा थोडा कमी झाला.

इसब आमच्या घरात बऱ्याच वर्षांचा. बायकोच्या दोन्ही पोटऱ्यांवर आणि पाठीवर. कातडी जाड आणि काळवंडलेली, जुवाखाली बैलाची मान होते तशी. थंडीत भेगा पडायच्या, उन्हाळ्यात घाम लागला की आग. कडुलिंबाचं पाणी झालं, खोबरेल तेलात कापूर झाला, कुणी सांगितलं म्हणून आणखी काय काय झालं. दिवसा कामाच्या रेट्यात ती कसंबसं सोसायची. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. खाजवायच्या तिनं किती तरी तऱ्हा शोधून काढल्या होत्या. पोटरी बाजेच्या सुतळीवर घासायची. हात पिठात असले तर एका पायाच्या टाचेनं दुसरा पाय. सकाळी न्हाणीत सोसवेल तेवढं कढत पाणी. आणि काहीच जमलं नाही, तर माझ्याकडे पाठ करून म्हणायची, “अवो, जरा पाठ.” एवढंच. मी झोपेतच हात पुढं करायचो. आमच्या संसारात गोड म्हणून जे काही बोललं गेलं असेल, त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे.

शेवटी अमरावतीला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्याकडे बायकोला दवाखान्यात नेलं, की टेबलासमोरच्या खुर्चीवर नवरा बसतो आणि जिचं दुखणं ती बाजूच्या स्टुलावर. डॉक्टर विचारतात, नवरा सांगतो. इंजेक्शन मात्र बायकोलाच देतात. हे कुणी ठरवलेलं नाही, पण मी आजवर याहून वेगळं बसलेलं जोडपं पाहिलेलं नाही, आणि मी काही पहिला होणार नव्हतो.

“रात्री किती त्रास होतो?” बाईंनी विचारलं.

“होते थोडाफार,” मी म्हणालो.

“असं करू. शून्य म्हणजे अजिबात खाज नाही. दहा म्हणजे सहनच होत नाही. किती सांगाल?”

मी जरा विचार केल्यासारखं केलं. “पाच धरा.”

स्टुलावरून आवाज आला, “दहा कोनाचे?”

बाईंनी मान वळवली. “म्हणजे?”

“नाई, मॅडम, यायले इचारलं म्हनून म्हनलं. दहा यायचे धरता का माहे?”

बाई हसल्या, पण मग गंभीर होऊन म्हणाल्या, की खरी अडचण हीच आहे. ताप मोजता येतो, साखर मोजता येते. खाज जिची तिलाच कळते, आणि तिनं सांगितलेलं दुसऱ्याला कमीच वाटतं. पण खाजवणं दिसतं. ते मोजता येतं. असं म्हणून त्यांनी खणातून घड्याळासारखा एक पट्टा काढला. हा मनगटाला बांधायचा. हात नुसता हलला तर तो मोजत नाही, बोटांची ती बारीक, एकसारखी, पुढंमागं होणारी हालचाल ओळखतो आणि मोबाईलवर पाठवतो. दिवसाच्या कामात त्याची गफलत होते, भाकरी थापणंसुद्धा त्याला खाजवणं वाटू शकतं. म्हणून त्या रात्रीचंच बघणार होत्या.

“हे मलम लावा. त्यानं भागलं नाही तर गोळ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “चांगल्या आहेत, पण उगाच द्यायच्या नसतात, आधी रक्त तपासावं लागतं. रात्री खरोखर कशा जातात ते कळलं, की मला ठरवता येईल. ज्या हातानं खाजवता त्या हाताला बांधा.”

मी बायकोचा उजवा हात टेबलावर ठेवला. लग्नानंतर इतक्या हक्कानं तिचा हात मी चारचौघांत पहिल्यांदाच धरला असेन.

मोबाईलवर रोज सकाळी मागच्या रात्रीची एक पट्टी यायची. हिरवी, पिवळी किंवा लाल. पहिल्याच सकाळी लाल आली. आता, लाल शाई आणि मी यांचा संबंध शाळेपासूनचा. लाल दिसलं की माझी चूक झाली, हे माझ्या अंगात भिनलेलं. मास्तरांसमोर पाटी घेऊन उभं राहावं तसं मला वाटायला लागलं. बाई म्हणतील, काय हो, एवढं मलम दिलं, नीट लावता तरी का? मी तोडगा काढला.

“आजपासून तू हात लावू नको,” मी बायकोला सांगितलं. “खाज आली का मले उठव. मी खाजवून देतो.”

“मंग यंत्रात कसं दिसन?”

“यंत्रात कमीच दिसाले पाह्यजे ना. कमी दिसलं म्हनजे बरं होऊन राह्यलं.”

तिनं पट्टा मनगटावर नीट केला. “तुमाले समजलं ना सगळं? मंग ठीक हाय.”

मला सगळं समजलेलं होतं. रोज रात्री ती हाक मारायची, मी उठायचो. पाठ झाली की पोटऱ्या. नखं लागू नयेत म्हणून पंचा ओला करून त्यानं घासायचो. माझं जागरण होत होतं, पण सकाळी पट्टी पिवळी आली. मग हिरवी. मग पुन्हा हिरवी. हिरव्या पट्टीकडे बघून मला जो आनंद व्हायचा, तो मला शाळेत कधी मिळाला नव्हता. आणि बायको डोळे चोळत चुलीपुढं बसायची. तिच्या डोळ्यांकडे बघायचं माझ्या मनात आलं नाही. ग्राफ समोर होता ना.

आठवड्यानं दाखवायला गेलो. बाईंनी पट्ट्या पाहिल्या. “छान. पहिल्या रात्रीपेक्षा खूपच फरक आहे. मलम लागू पडलंय असं दिसतं. मग गोळ्यांची घाई नको.” मग स्टुलाकडे बघून, “आता बरं वाटतं ना?”

“वाटते ना,” मी म्हणालो.

बायकोनं पदर सारखा केला. बाईंनी पट्टा अजून पंधरा दिवस राहू द्या म्हणून सांगितलं आणि आम्ही उठलो.

येताना जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती. बडनेरा मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाली, “म्हनजे मले खाज नाई.”

“अवं, कमी झाली म्हनते यंत्र.”

“हो. कमी झाली असन.” पदर डोक्यावर घेत म्हणाली, “गोळ्या भेटतीन म्हनून आली होती मी. एक रात पुरी झोप भेटली असती, एवढंच वाटत होतं. आता यंत्रच म्हनते तं माह्या मनाचाच खेळ असन.”

हे वाक्य मी ऐकलं, आणि त्यावर काय बोललो हे लिहायची लाज वाटते. मी म्हणालो, “असते कधी कधी तसं.”

दुसऱ्या दिवशी चौकातल्या हॉटेलात चहा पिताना विषय कापसाच्या फवारणीचा चालला होता. मी कसा कोण जाणे तो वळवून मनगटी पट्ट्यावर आणला. मोबाईल बाहेर काढला. ही पहिली रात्र, ही लाल. आणि हे बघा, हिरवं. चार माणसं वाकून बघत होती. त्यांत आमच्या घरासमोरचे टेलरचाचा होते, बायकोचे ढगळ सुती ब्लाऊज तेच शिवतात. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. “कमाल हाय भाऊ. भाभी घरी झोपल्या अन् तुमाले इथं समजते, रातभर काय झालं ते?”

“सगळं समजते,” मी म्हणालो.

चाचांनी घरी जाऊन बेगमला सांगितलं असणार, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं मीच त्यांना वाटू दिलं नव्हतं. बेगम बिचारी मनानं चांगली. दळणाच्या चक्कीवर माझी बायको भेटली तेव्हा तिनं आनंदानं सर्वांसमोर विचारलं, “तुमची खुजली ठीक झाली म्हने, बहन. भाऊनं हॉटेलात दाखवलं सगळ्याईले.” चक्कीवरच्या बायांना कुतूहल वाटलं. काय दाखवलं, कुठली खुजली, कुठं कुठं हाय.

बायको घरी आली, पिठाचा डबा खाली ठेवला. डबा जोरात ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं.

“हॉटेलात माही खाज दाखवली तुमी?”

“अवं, खाज नाई. ग्राफ.”

“ग्राफ कोनाचा?”

मी मोबाईलचं बटन दाबत बसलो, काही तरी काम असल्यासारखं.

त्या रात्रीपासून तिनं मला हाक मारली नाही. मी त्याचा अर्थ काय लावावा? की खाज आली नाही. गाढ झोपलो. कितीक दिवसांची झोप साठलेली होती, ती मी मनापासून घेतली. सकाळी उठून मोबाईल उघडला, तर पट्टी लाल. नुसती लाल नाही, पहिल्या रात्रीपेक्षाही उंच.

यंत्र बिघडलं, हा माझा पहिला निष्कर्ष. पट्टा फडक्यानं पुसला, मोबाईल बंद करून चालू केला, घराच्या मागच्या बाजूला जाऊन रेंज बघितली. दुसऱ्या रात्री पुन्हा लाल. मग मी मलमाची ट्यूब दाबून बघितली. मग खाण्यावर आलो.

“तू वांगं खाल्लं का काल?”

“खाल्लं.”

“तेच तं. इसबाले वांगं चालत नाई.”

“आनलं कोनं?”

मंगळवारच्या बाजारातून मीच आणलं होतं, भरून करायला सांगितलं होतं. तो निष्कर्षही सोडून द्यावा लागला.

मग एका दुपारी अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं होतं. पाखरं हाकलायला म्हणून मी बाहेर आलो, तर मधल्या दारात बायको उभी दिसली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. दाराच्या चौकटीला पाठ लावून ती वर-खाली घासत होती. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. एका हातात सूप होतं आणि ते तिनं छातीशी इतकं घट्ट धरलेलं, की त्यातला दाणासुद्धा सांडत नव्हता. पट्टा त्याच हाताला होता.

माझी सवय वाईट. अशा वेळी माणूस जवळ जाईल. मी मोबाईल काढला. त्यावर पट्ट्यांच्या खाली त्या त्या घडीची रेघही दिसायची, ती आता आखल्यासारखी सरळ. यंत्र म्हणत होतं, ही बाई स्वस्थ आहे. आणि माझ्यासमोर, दहा हातांवर, ती चौकटीला अशी घासत होती, की जुन्या सागवानाचं पॉलिश तेवढ्या भागावर का उडालंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आजवर मी त्याबद्दल सुताराला बोल लावत आलो होतो.

तिथं उभ्या उभ्याच त्या हिरव्या सकाळी मला आठवल्या. तिचा हात शांत होता, कारण माझा चालू होता. खाज जिथल्या तिथं होती. आम्ही फक्त ती अशा हातानं खाजवत होतो, ज्याला यंत्र बांधलेलं नव्हतं.

यंत्राला मी त्यानंतर शिव्या दिलेल्या नाहीत. ते एका अक्षरानंही खोटं बोललं नव्हतं. बाईंनी त्याला विचारलं होतं, हा हात रात्री किती खाजवतो? त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, फार नाही. मला राहून राहून वाटत राहिलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लग्न झाल्यापासून ही बाई मला झोपेतून उठवून पाठ दाखवत आली. तिची खाज किती आहे, याचा माझ्या हाताएवढा पक्का साक्षीदार जगात नव्हता. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या साक्षीदारानं खुर्चीवर बसून काय सांगितलं, तर ‘थोडाफार’. ‘पाच धरा.’ माझी झोप मोडायची तेवढीच खाज मी मोजत आलो होतो, आणि माझी झोप काही फार मोडत नव्हती.

ती ओट्यावर सोयाबीन पाखडायला बसली, तेव्हा मी शेजारी जाऊन बसलो.

“अवं, आपलं चुकलं.”

“आपलं?”

“माहं.”

“काय चुकलं?”

सांगितलं. हिरव्या पट्ट्यांचं, माझ्या हाताचं, चौकटीचं, सगळं. मध्येच तिचं पाखडणं थांबलं. हॉटेलाचंही बोललो, तेव्हा तिनं सुपातला एक खडा वेचून लांब फेकला, आणि मी समजलो की ते खातं वेगळं आहे, ते आज मिटणार नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं एकच गोष्ट विचारली.

“म्हनजे मले खाज हाय.”

“हाय.”

“माह्या मनाचं नोतं ते.”

“नोतं.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं की सोयाबीनचा कोंडा गेला होता, मी विचारलं नाही. “मंग उद्या चला त्या मॅडमकडं,” ती म्हणाली. “अन् खुर्चीवर मी बसते.”

ती खरंच बसली. बाईंच्या खोलीत शिरताच तिनं सरळ समोरची खुर्ची ओढली. मी स्टुलावर बसलो. स्टूल इतकं बुटकं निघालं, की माझे गुडघे छातीला लागले. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं सुरुवात केली. न्हाणीतलं कढत पाणी सांगितलं, बाजेची सुतळी सांगितली, चौकट सांगितली, हिरव्या रात्री माझा हात चालत होता तेही सांगितलं. पंगतीत कुणाच्या मांडीला मांडी लागू नये म्हणून ती कडेला बसते, हे मला नवीन होतं. लेकीच्या बाळाला न्हाऊ घालताना लेकीच्या सासरची माणसं काय म्हणतील म्हणून साडी घोट्यापर्यंत ओढून घेते, हेही नवीन होतं. मधे एकदा मी “म्हनजे तसं पाह्यलं तं…” असं काही म्हणायला गेलो. बाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

“मग आता दहापैकी किती?” त्यांनी तिला विचारलं.

“नऊ.”

“दहा का नाही?”

“एक ठेवून राह्यली मी. पुढं लागन तं.”

बाई लिहायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, की या लाल रात्री खऱ्या धरायच्या, आजच रक्त देऊन जा, रिपोर्ट चांगला आला की गोळ्या सुरू करू. बायकोनं मान हलवली. किती साधी मान हलवली तिनं, जणू भाजीचा भाव पटला. पण खुर्चीच्या दांड्यावरची तिची बोटं सैल झालेली मला स्टुलावरून दिसली. स्टुलावरून बरंच दिसतं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही रोज खाजवून देता यांना?”

“हो, रोज. लग्न झाल्यापासून.”

“मग गोळ्यांचा फरक नीट कळायला तुमच्याही हाताला एक पट्टा बांधावा लागेल. दोघांचं मिळून बघू.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या कामाची कुणी अशी दखल घेतली होती. मी बाही वर करून हात टेबलावर ठेवला.

“बांधा, मॅडम,” बायको म्हणाली. “पन यायचं अर्धंच धरा. हे भलतीकडंच खाजवतेत.”